गंगूमावशीची पायली

एका चुलीवर वर्षानुवर्षं राबलं की किस्से शोधावे लागत नाहीत. फडताळ आवरायला घ्या, एखादा हाती लागतोच!

आष्टीत आम्ही तिघी लग्नाकार्यांचा स्वयंपाक करायचो. म्होरकी गंगूमावशी, मग भागीरथी आणि मी. राज्य निजामाचं. मावशी पायलीनं, म्हणजे भांडं भरून मापायची, दुकानदार रहीमचाचा तराजूनं तोलायचे. कुठल्या जिन्नसाची पायली किती वजन भरते, हे मावशीला तोंडपाठ. माप चुकून पंगत उपाशी उठली, तर पुन्हा कुणी बोलावत नसे. मी विधवा, पदरात लेक. आमची भाकरी त्या मापावरच होती.

*

एका मुन्शीजींकडे बारसं होतं. मावशीनं चिवड्याला दोन पायल्या मुरमुरे सांगितले.

मुन्शीजी भडकले, "मापात लबाडी चालते! अर्धा मण तोलून आणा!"

संध्याकाळी गाडीभर पोती दारात! बैठकीत पाहुण्यांना बसायला जागा उरली नाही.

"हे एवढं कावून आणलं?" मुन्शीजी ओरडले.

"हुजूर, लबाडी न्हाई," मावशी म्हणाली. "पुन्हा तोलून घ्या!"

*

भागीरथीनं एकदा बेसन चाळलं आणि फुगलेलं असतानाच मापलं. पायली भरली, पण वजनाला पीठ कमी. तूप मात्र ठरलेलं तेवढंच. लाडू वळले, की बसले!

मावशीनं ताटात थापून वड्या पाडल्या. नवरदेवाचे मामा दोनदा मागून गेले.

*

माझी चूक मोठी होती. रोज खडेमीठ असायचं. त्या दिवशी दळलेलं आलं, आणि मी नेहमीसारखंच चिपटं, ते पायलीहून लहान माप, भरून डाळीत टाकलं. बारीक मीठ दाबून बसतं, वजनाला जास्त भरतं, हे मला कुठं ठाऊक! डाळ तोंडात धरवेना.

मावशीनं चाखली. दुसरी बिनमिठाची डाळ शिजवून त्यात मिसळली. पंगत उठली तरी डाळ उरली. यजमान खूश! "लई बरकतीचा हात हाय तुमचा!"

"माझा न्हाई, हिचा!" मावशीनं माझ्याकडे बोट दाखवलं.

मला एकटीला गाठून रागवली असती तरी चाललं असतं. तेही नाही. ते उपकार मी विसरले नाही.

*

चाचांनी एकदा मावशीशी पैज लावली. तिनं डोळे मिटून तीनदा ओंजळभर तांदूळ काढले. तिन्ही वेळा वजन एकच!

चाचा उठले. "मावशी, तुमी बसा गादीवर. मी काटा घेऊन घरी जातो!"

*

मग माझ्या लेकीचं लग्न ठरलं. जन्मभर दुसऱ्यांच्या पंगती सांभाळल्या, आणि माझ्याच मांडवात अन्न कमी पडलं तर? झोप उडाली. ऐपत दहा पायल्या गव्हाची. मावशीनं त्याचं वजन सांगितलं, चाचांनी तोलून दिलं.

घरी मापले, तर तेरा पायल्या!

हक्काचं नाही ते ठेवायचं कसं? हमालाच्या पाठीवर पोतं देऊन परत दुकानात गेले. मावशी तिथंच बसली होती.

"चाचा, तोलताना चुकलं. तीन पायल्या जास्ती हायत."

"माझा काटा चुकत न्हाई," चाचा वर न बघता म्हणाले. "तुमची पायली बघा."

"आण इकडं," मावशी म्हणाली.

पायलीवर पट्टी फिरवून ती काठाशी सपाट केल्याशिवाय मावशीनं कधी दाणा मोजला नव्हता. त्या दिवशी पट्टीला हात लावला नाही. प्रत्येक पायलीवर शीग चढवत गेली, दाणे घरंगळेपर्यंत.

पोतं रिकामं झालं.

"दहाच हायत," मावशी म्हणाली. "इतकी वर्सं माझ्यासंगं राबलीस, अजून मापता येत न्हाई तुला!"