मोरेश्वरची जाडी

यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. पण मेलेल्या माणसाची जाडी मोजलेला रत्नागिरीत मी एकटाच आहे. तेव्हा मी नाही सांगायचं तर कुणी सांगायचं?

दुपारची वेळ. वत्सलावहिनींच्या पडवीत मी आरामखुर्चीत पडलोय. खुर्ची त्यांच्या नवऱ्याची, मोरेश्वर नेवरेकरची. तो चैत्रात गेला. आज संध्याकाळी कॉलेजच्या प्रयोगशाळेला त्याचं नाव देणार आहेत आणि दोन शब्द मी बोलायचे आहेत. ज्यानं माझा घात केला, त्याचं कौतुक मी करायचं! पोटात वहिनींची सोलकढी, डोक्यात हे. पापण्या जड होतात. पंख्याची घरघर लांब लांब जाते, आणि पडवीची फरशी हळूच काचेची होते.

काचेवर मोऱ्या उभा आहे. उभा कसला, ताणलाय. तारेचं कडं साबणाच्या पाण्यातून काढावं, तसा. त्याच्यातून मागची जास्वंद दिसते. अंगावर रंग फिरताहेत, पोटाशी हिरवा, गळ्याशी तांबूस.

"वाश्या, बघतोस काय? मोज की," तो म्हणतो.

आम्हा दोघांचा जन्म त्यातच गेला. काचेच्या पट्टीवर केसाच्या हजाराव्या हिश्श्याएवढा थर चढवायचा, मग त्याची जाडी काढायची, विजेला तो किती अडवतो ते बघायचं. पातळ थराचा रंग बघून जाडीचा अंदाज येतो.

"पोट अजून सुटलेलंच आहे तुझं," मी म्हणतो.

"मेल्यावरसुद्धा?"

"तिथं जेवायला घालतात वाटतं."

तो हसतो तसे सगळे रंग हलतात. आम्ही जेटीवरच्या बर्फाच्या कारखान्यात आहोत. लाद्यांतून वाफ निघतेय, कोळणी टोपल्या घेऊन थांबल्यात. भिंतीवर एक छोटी डबी आहे. तिच्यात माझा थर. बर्फ गोठवणारा अमोनिया गळला की थराचा विजेला होणारा रोध उतरणार, घंटा वाजणार, माणसं बाहेर पळणार. डबीवर नाव मोरेश्वरचं.

"ही माझी," मी म्हणतो.

"तुझी पट्टी तर नापास झाली होती, गड्या."

कोळणी खुदकन हसतात. मी डबीकडे हात नेतो तर हात तराजूच्या काचेवर आपटतो. आमची तोलखोली. तो नाजूक तराजू कपाटाएवढा झालाय आणि मोऱ्या एका पारड्यात मांडी घालून बसलाय. काटा जागचा हलत नाही.

"बघ, मला वजनच नाही!"

"असणार कसं? मनावर कधी काही घेतलंस?"

पट्टी आधी कोरी तोलायची, थर चढवून पुन्हा तोलायची, आणि फरकावरून जाडी काढायची. धरायची ती चिमट्यानंच. बोट लागलं की बोटाचं तेलही तोललं जातं, आणि नुकताच बटाटेवडा खाल्लेला अंगठा लागला तर विचारायलाच नको. डबीसाठी आमच्यापैकी कुणाचा थर घ्यायचा, त्या निवडीच्या दिवशी मोठ्या सरांसमोर माझा थर तिप्पट जाड भरला. मोऱ्या तेव्हाच कँटीनमधून आला होता. "वाश्या, चिमटा वापरत जा," असं सगळ्यांदेखत म्हणाला. पुढं लग्नात, मुंजीत, माझ्या निवृत्तीच्या समारंभातसुद्धा म्हणाला.

आता त्याचं डोकं काळं पडू लागलंय. साबणाचा पडदा फुटण्याआधी वरून असाच काळा पडतो. म्हणजे आता हा फार टिकत नाही.

"मोऱ्या, अंगठा तुझा होता ना?"

"कुठला अंगठा?"

"वड्याचा."

"वडा झकास असायचा रे तिथला."

काळोख भुवयांपर्यंत उतरतो.

"मोऱ्या, बोल लवकर!"

डोळे गेले. नाक गेलं. ओठांवर तेवढी पिवळी झाक उरलीय.

"माझाच होता," ओठ म्हणतात. "मुद्दाम लावला. तुझी पट्टी माझ्यापेक्षा चांगली उतरली होती. चुकलो, वाश्या."

आणि मोऱ्या फुटतो. आवाज नाही, नुसता एक थेंब.

डोळे उघडतो तर पडवी, पंखा आणि चहाचा कप घेऊन वहिनी. माझा उजवा अंगठा चांदीसारखा चमकतोय.

"वहिनी, मोऱ्या येऊन गेला! जाताना अंगठा धरला माझा. हा बघा, अस्सल थर!" मी सगळं सांगतो, तोलखोलीपासून त्या शेवटच्या शब्दापर्यंत.

वहिनी कप ठेवतात. अंगठा उलटसुलट बघतात. मग माझ्या उशाशी, स्टुलावर असलेला, संध्याकाळच्या पाहुण्यांसाठी आणलेला मिठाईचा खोका उघडतात. कोपऱ्यातली एक काजूकतली नाही.

"वर्ख आहे हा, भावजी. साखर आहे ना तुम्हाला?"

"वर्ख म्हणजे तरी काय, वहिनी? पातळ थरच तो..."

वहिनी हसत नाहीत. खोक्याचं झाकण लावतात.

"अंगठा त्यांचाच होता, ते मला ठाऊक आहे. जेवताना रंगवून रंगवून सांगायचे, हसून ठसका लागायचा त्यांना. पण 'चुकलो'? तो शब्द या घरात त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. तेवढं म्हणायला यायचंच असतं तर आधी माझ्याकडे आले असते. खोटं बोलताय तुम्ही, भावजी."