काढलं, पण टाकलं नाही

त्या आठवड्यात आत्याला आपल्या हातांना वास येतो असं वाटायला लागलं. कामावरून आली की ती आधी बेसिनपाशी जायची, कोपरापर्यंत साबण लावायची, हात हुंगायची आणि पुन्हा साबण लावायची. माझे बाबा, म्हणजे तिचे थोरले भाऊ, पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "अगं, कातडी तरी राहू दे. दिवसभर बटणं दाबतेस, गटार नाही उपसत."

"गटार परवडलं," आत्या म्हणाली. "ते निदान वाहतं."

आत्याची कंपनी लिफ्ट चालवणारी प्रणाली बनवते. बाकीचे कोड लिहितात, आत्या तो सांभाळते. सगळा कोड एका ठिकाणी असतो, त्याला ते रेपो म्हणतात. त्यात आजचा कोड तर असतोच, शिवाय पहिल्या दिवसापासूनचा प्रत्येक बदल असतो: कुणी केला, कधी केला, कुणी मंजूर केला. आणि तिथून काहीही जात नाही. एखादी फाइल काढून टाकली की आजच्या यादीतून ती दिसेनाशी होते, इतिहासात मात्र तशीच पडून राहते. आत्या हे एका वाक्यात सांगते: "आपण म्हणतो काढून टाकलं. रेपो फक्त काढतो, टाकत नाही."

काम करायचं तर प्रत्येकाला आधी त्या सगळ्याची एक प्रत आपल्या यंत्रावर उतरवून घ्यावी लागते. हे क्लोन करणं. कंपनीचा रेपो एकतीस जीबीचा झाला होता आणि एका क्लोनला साडेतीन तास लागत. गेल्या महिन्यात एका इमारतीची लिफ्ट सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मध्ये अडकायला लागली. दुरुस्ती दोन ओळींची होती. पण कुठलाही बदल लिफ्टपर्यंत जाण्याआधी तपासणीच्या यंत्रातून जातो, आणि ते दर वेळी कोरा क्लोन घेतं. तो उतरेपर्यंत दुपार झाली, आणि तोवर त्या इमारतीतली माणसं जिने चढत राहिली. मग साहेबांनी आत्याला बोलावून सांगितलं, महिनाअखेरपर्यंत क्लोन वीस मिनिटांच्या आत आला पाहिजे.

तपासणीच्या यंत्राचं काम सोपं होतं. त्याला इतिहासाशी घेणंदेणं नसतं, वरचा शेवटचा थर दिला की झालं. चार मिनिटं. माणसांचं तसं नसतं. ही ओळ अशी का लिहिली, हे शोधायला त्यांना मागे जावं लागतं. म्हणून आत्याने आधी एवढं वजन कशाचं आहे ते पाहायचं ठरवलं आणि इतिहासातल्या सगळ्यात जड फाइलींची यादी काढली.

यादीत कोड जवळजवळ नव्हताच. कुणाच्या तरी लग्नाचे साडेचारशे फोटो. एक अख्खा सिनेमा, तीन तुकड्यांत. 'अंतिम', 'अंतिम नवीन', 'खरंच अंतिम' अशा नावांची गाठोडी, आत तेच ते. आणि पायाच्या अंगठ्याच्या सडक्या नखाचे अकरा फोटो, निरनिराळ्या उजेडात, डॉक्टरला पाठवायला काढलेले.

शेजारच्या टेबलावरचा चष्मेवाला वाकून बघत होता. "ते माझं नाही," तो म्हणाला.

"मी विचारलं का?"

"नाही, पण तुम्ही माझ्या चपलेकडे बघितलंत."

आत्याला हसू आलं. ते त्या आठवड्यातलं शेवटचं.

यादीत तिसऱ्या जागी एक फाइल होती, 'आवाज नमुना दोन'. लिफ्टमध्ये मजल्याचं नाव सांगणारा आवाज तपासायचे नमुने जिथे ठेवतात, तिथली. नमुन्याला दोन जीबी लागत नाहीत. आत्याने कानाला इयरफोन लावून ती उघडली.

आत एक चित्रफीत होती. पडद्यासमोर उभे राहून ग्राहकांना माहिती देणारे एक प्रौढ गृहस्थ. आत्याच्या हाताला धरून तिला हे काम शिकवणारे सर. सर तोतरे बोलत. 'पहिला मजला' म्हणताना त्यांचा 'प' अडला होता. कुणीतरी तेवढाच तुकडा कापून ठेक्यावर बसवला होता. प, प, प, मध्येच बेडकाचा आवाज, पुन्हा प. शेवटी त्यांच्या खालच्या ओठावर आलेला लाळेचा थेंब पडदाभर मोठा करून थांबवलेला. मागे हसणारे आवाज तिला ओळखू आले. त्यातले दोघे अजून त्याच मजल्यावर बसतात.

ती उठून हात धुवायच्या जागेकडे गेली. तिथे कुणीतरी गुळण्या केल्या होत्या, जाळीवर चहाचा चोथा आणि भाताची शितं फुगून बसली होती. तिला तिथेच उलटी झाली.

सर आठ वर्षांपूर्वी कंपनी सोडून गेले. 'प्रकृतीच्या कारणास्तव' असं त्यांनी लिहून दिलं होतं, आणि ते आत्याला पटलंही होतं. कचेरीत त्यांना मागून टेपरेकॉर्डर म्हणत, हे तिला माहीत होतं. ती म्हणत नसे. एवढ्यावर तिचं समाधान असायचं.

परत येऊन तिने त्या फाइलीची नोंद उघडली. रेपोत ती घालणाऱ्याचं नाव: साहेब, तेव्हा ते नुसते सहकारी होते. दोन आठवड्यांनी 'काढून टाकली' अशी दुसरी नोंद. म्हणजे वरून गेली, आत राहिली. आठ वर्षं कंपनीत येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाच्या यंत्रावर पहिल्याच दिवशी तो लाळेचा थेंब गुपचूप उतरत होता.

आणि खाली, मंजुरी देणाऱ्याचं नाव: आत्या.

त्या कचेरीत एक शब्द आहे, डोळेमीट. कुठलाही बदल दुसऱ्या कुणी मंजूर केल्याशिवाय रेपोत जात नाही, असा नियम. पण शुक्रवारी घरी जायच्या वेळी कुणी शंभर फाइली पुढे ठेवल्या की त्या कोण उघडतो? टेबलांवरून हाक यायची, "एक डोळेमीट कर गं," आणि समोरचा 'पाहिलं, ठीक आहे' असं दाबून पिशवी उचलायचा. सगळेच करत. आत्यानेही केलं होतं.

ती साहेबांच्या खोलीत गेली तेव्हा ते संत्रं सोलत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, साल टेबलावरच ठेवलं.

"वय होतं हो तेव्हा. गंमत केली पोरांनी."

"मला ती इतिहासातूनच काढायची आहे. बाकी कचऱ्यासकट."

"म्हणजे सगळा इतिहास नव्याने लिहायचा. चारशे जणांच्या जुन्या प्रती बाद. वरचे विचारतील, का म्हणून? त्यापेक्षा तुम्हीच तो दुसरा उपाय सांगितलात ना, मोठ्या फाइली मागितल्या तरच उतरतील असा क्लोन? नऊ मिनिटं म्हणालात. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मुठीत घाण असली तरी?"

साहेबांनी एक फोड तोंडात टाकली. "मंजुरी कुणाची आहे, वाचलंत ना? मी तुमच्याच भल्याचं सांगतोय."

ते हे अगदी प्रेमाने बोलले. आत्या म्हणते, ओरडले असते तर बरं झालं असतं.

तिने तो दुसरा उपाय लावून दिला. क्लोन नऊ मिनिटांत आला. शुक्रवारी केक कापला, साहेबांनी भाषण केलं, कुणीतरी तिच्या हातात क्रीमचा लोळा ठेवलेली बशी दिली. तिने ती खिडकीत ठेवली आणि नंतर तिच्यावर माशा बसल्या तरी उचलली नाही.

रविवारी सकाळी ती मला म्हणाली, "चल माझ्याबरोबर. एकटीने जमायचं नाही."

सर चौथ्या मजल्यावर राहतात. कंपनी सोडल्यापासून ते लिफ्टदुरुस्तीचं काम करतात. दाराशी ग्रीस लागलेले बूट वर्तमानपत्रावर ठेवले होते. दार त्यांच्या पत्नीने उघडलं. त्यांनी आत्याकडे पाहिलं आणि त्या बाजूला झाल्या, 'या' म्हणाल्या नाहीत.

आत्याने उभ्या उभ्याच सांगितलं. चित्रफीत, लाळ, आठ वर्षं, आपलं नाव. काही वगळलं नाही. शेवटी म्हणाली, "मी उघडलीच नव्हती, सर. न बघता हो म्हटलं."

सर बोलू लागले तेव्हा पहिला शब्द अडला. आम्ही थांबलो. मला खाली बघावंसं वाटत होतं, पण आत्या त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "ती पोरं तशीच होती. त्यांचं मला फार... लागलं नसतं. खाली तुझं नाव वाचलं आणि मग राजीनामा लिहिला." मग त्यांनी विचारलं, "पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं तुला?"

"उघडल्याशिवाय हो म्हणायचं नाही."

"मग?"

स्वयंपाकघरात भांडं जोरात ठेवल्याचा आवाज झाला.

"आता काढता येईल, सर. आतून, कायमची. पण इतिहास नव्याने लिहिला की ती नोंदच जाईल. त्यांचं नाव जाईल आणि माझंही. मी स्वतःला धुऊन घेतेय असं होईल. म्हणून विचारायला आले."

सरांनी बराच विचार केला. ते कामाचा विचार करताहेत हे दिसत होतं. अंगठा बोटांवर फिरत होता. "रिकामी नोंद ठेवता येते की. फाइल टाकून दे. नावं ठेव."

"दोन्ही?"

"दोन्ही."

आतून सरांच्या पत्नी म्हणाल्या, "ठेवू दे त्यांना. आठ वर्षं आम्ही घरात बसून नावं ठेवतोय, आता जरा कचेरीतही ठेवा म्हणावं."

सर हसले. आत्या हसली नाही. निघताना तिने क्षमा मागितली, तर ते म्हणाले, "काम झालं की कळव." क्षमा केली असं ते म्हणाले नाहीत.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत आत्याने रेपोला कुलूप लावलं आणि इतिहास पहिल्या दिवसापासून नव्याने लिहून काढला. लग्नं गेली, सिनेमा गेला, नखं गेली, 'आवाज नमुना दोन' गेला; त्याची फक्त रिकामी नोंद उरली, दोन्ही नावांसकट. एकतीस जीबीचे दोनही उरले नाहीत. आता पूर्ण इतिहासासकट क्लोन अकरा मिनिटांत येत होता, काहीही न झाकता. मग तिने सर्वांना पत्र पाठवलं: जुनी प्रत पुसा, ताजी उतरवा, जुन्या प्रतीतून पाठवलेलं काहीही रेपो घेणार नाही. हे बंधन गरजेचंच होतं. एकाने जरी जुन्या प्रतीतून आपलं काम आत ढकललं, तर त्याच्या पाठोपाठ सगळा उकिरडा परत येतो.

पत्र गेल्यावरही साहेबांनी तिला खोलीत बोलावलं नाही. गुरुवारपर्यंत सगळ्यांनी ताज्या प्रती घेतल्या. फक्त एक यंत्र राहिलं.

शुक्रवारी साहेब लॅपटॉप घेऊन तिच्या टेबलाशी आले. "माझं काहीच आत जात नाहीये."

"तुमच्याकडे जुनी प्रत आहे."

"ती नोंद बघितली मी. आत काही नाही तिच्यात. रिकामी नोंद ठेवून काय मिळवलंत? काढून टाका."

"काढते," आत्या म्हणाली. "बदल आहे, म्हणजे मंजुरी लागेल. तुम्ही द्या. का काढायची ते लिहा, खाली तुमचं नाव येईल."

चष्मेवाल्याचं टाइप करणं थांबलं होतं. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग आवाज उतरवून म्हणाले, "तुमचंही नाव आहे तिथे."

"आहे. रोज वाचते."

साहेबांनी लॅपटॉप तिच्या टेबलावर ठेवला. मग शेजारची खुर्ची ओढून बसले आणि जुनी प्रत पुसली. आत्या पडद्यावर लक्ष ठेवून होती. ताजी उतरायला लागली, टक्के सरकू लागले. अकरा मिनिटं त्यांचा श्वास तिच्या कानाशी होता, त्याला संत्र्याचा वास होता. तिला उठून जावंसं वाटत होतं. शंभर टक्के होईपर्यंत ती बसून राहिली. मग फोन काढून तिने सरांना कळवलं, काम झालं.