भाच्यासाठी मारलेली थाप

दोस्तांनो, माझ्या थापांना तुमी कायम शिव्या देता. आजची थाप आधी ऐका, मग द्या.

ताई पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडं काटेवाडीला आलीया. पोरगं चार दिवसांचं. छातीशी धरलं की तोंड फिरवतंय आन् रडतंय. आत्तापर्यंत ताईचंच दूध काढून वाटी-चमच्यानं पाजत हुतो.

सकाळी सरकारी दवाखान्याच्या आशाताई बाळाला अंगावर पाजायचं शिकवायला आल्या, तर खोलीत गल्लीतल्या सात बायका बसलेल्या. एक म्हणती मध चाटव, दुसरी म्हणती हिचं दूधच पुरत न्हाय. ताई रडायला लागली. "बाटलीच आणा," म्हणाली.

मी दारातनं वरडलो, "अवो काकू, कुणाची तरी गाय सुटलीया! पार घासाच्या वावरात शिरली!"

साती जणी आपापल्या गोठ्याकडं पळाल्या. आई आन् ताईजवळ आशाताई तेवढ्या ऱ्हायल्या. "माझ्याकडं गाय न्हाय रं," म्हणाल्या आन् हसत दार लावलं.

मी पायरीवर बसलो. आतनं आवाज येत हुता, "घाई न्हाय. त्याचं पोट तुझ्या पोटाला लाव. मोठा आऽ करू दे. आता घे जवळ." दोनदा रडणं ऐकू आलं. मग शांत.

तेवढ्यात शेजारची काकू चप्पल घिऊनच आली. "मुडद्या, माझी गाय बांधलेलीच हाय की!"

आईनं दार किलकिलं केलं. "हळू बोला. प्यायला लागलाय."

काकूनं चप्पल आवाज न करता खाली ठेवली आन् माझ्याशेजारी पायरीवर बसली. आत गेली न्हाय.

तुमी बाळ बघायला गेल्यावर किती येळ बसता?