देवीशी भांडायला गेलो तेव्हा

खरं सांगतो, त्या चैत्रात मी चंद्रपूरला महाकालीच्या दर्शनाला गेलो नव्हतो, भांडायला गेलो होतो. वर्षभर माझी बायको पांढरी पडत चालली होती. सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावात तलावावर माझ्याबरोबर जाळं ओढणारी बाई, आता चार पावलांत धापा टाकायची. डॉक्टरांनी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. रक्त वाढेना, तेव्हा तिलाच झापलं, "उपास करते, जेवत नाई, मंग काय होईन?" घरचेही तेच बोलू लागले. मला संताप यायचा. ती माझ्या शेजारी बसून पोटभर जेवायची, हे मी रोज बघत होतो. आणि जिचे इतके नवस फेडले, ती देवीही गप्प!

दर्शनाच्या रांगेतच बायकोला भोवळ आली. बाहेर बांगड्यांचं दुकान लावून बसलेली एक मुसलमान बाई धावत आली. तिला सावलीत नेलं, पाणी पाजलं. दंडावरचे निळे डाग दिसताच ती थबकली.

"भाऊ, गोळ्यांनं फरक पडला?"

"वर्ष झालं. नाई."

"मंग जेवणाचा दोष नाई. आमच्या मालकालेही असंच झालतं. हाडातली मज्जा रक्त बनवते, तीच बिघडली होती. आमाले उशिरा समजलं, ते गेले. तुमी हिले आजच नागपूरले न्या. मज्जा तपासाले सांगा."

दर्शन न घेताच आम्ही नागपूर गाठलं. तिथे कमरेच्या हाडातून मज्जा काढून तपासली. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की मज्जा पेशी बनवते, पण सदोष. त्यातल्या बऱ्याचशा पेशी रक्तात येण्याआधीच मरतात. बरं करणं हाती नाही, रक्त देत राहू. "तुमचं काही चुकलेलं नाही," असं त्या म्हणाल्या, तेव्हा बायको वर्षभरात पहिल्यांदा रडली.

त्यानंतर ती सहा वर्षं जगली, परक्यांच्या रक्तावर. पिशवी टांगली की हात जोडायची. एकदा मी चिडलोच, "जिनं आजार देला, तिले काऊन हात जोडून राह्यली?"

"देवीले नाई जी. हे रक्त कोनाचं, मले मालूम नाई. म्हणून जोडते."

तिला झापणाऱ्यांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. तो जावा असं मागतही नाही. पण ती गेल्यापासून मी रक्त द्यायला जातो. सुई टोचली की डोळे मिटतो. ते कोणाला जाईल, हे विचारत नाही. तेवढं देवीवर सोडतो.