कोयता दिला की अधिकार दिला?

अधिकार हा शब्द आमच्या घरात पूर्वी कुणी काढत नव्हतं. सासू म्हणायची, "माझ्या जागेवर मी बोलेन." झालं, विषय संपला. आता जो तो अधिकार अधिकार करतो. टीव्हीवर तो कुणाला तरी मिळालेला असतो, नाहीतर कुणाचा तरी काढून घेतलेला. नातू मोबाइल सोडत नाही आणि वर म्हणतो, हा माझा अधिकार आहे. आणि देवळातल्या कीर्तनात बुवा म्हणाले, अमक्याचा अभंगात मोठा अधिकार. म्हणजे हा कोणता? तो तर कुणावर हुकूमही चालवत नव्हता. मी चौथी शिकलेली बाई. पुढचं वाचायला शिकले ते मासळी बांधायच्या रद्दीवर. त्यामुळे शब्द हातात आला की पापलेटाचे कल्ले उचलून बघावेत तसा उचलून बघते. हा एक मात्र मला अजून कळलेला नाही. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून तर अजिबातच नाही.

अंधेरीच्या मच्छीबाजारात ओट्यावर आमची जागा आहे. आधी सासूची, मग माझी. आमच्या रांगेची एक रीत आहे. कुणी लिहिलेली नाही, पण मोडलेलीही नाही. बाजार उठला की बाई आपला कोयता घरी नेते. कोयता दुसरीच्या हातात दिला की जागा तिची. सासूनं मला दिला तेव्हा ना नारळ, ना हळदकुंकू. ओल्या हातानं कोयता पुढे केला आणि म्हणाली, "धार गेलीय, लावून घे." दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. रांगेनं काय ते ओळखलं.

आता माझं ऐका. ऑपरेशनला जायच्या आदल्या दिवशी मी माझा कोयता धाकट्या जावेला दिला. घरी सुनेला त्यातलं काही कळत नाही, ती ऑफिसला जाणारी, नुसता पडून गंजला असता. आणि जाऊ माझ्याच शेजारी बसते. म्हटलं, "ठेव तुझ्याकडे." एवढंच. रांगेतल्या बायका बघत होत्या, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. रीत मला ठाऊक नव्हती असं कसं म्हणू? अर्धं आयुष्य तिथं बसले.

काही महिन्यांनी काठी टेकत गेले, तर जाऊ माझ्या पाटावर. तिच्या जुन्या जागेवर तिची लेक. मी उभीच राहिले.

"वैनी, आलीस? ये गं!" तिचा चेहरा खरोखर फुलला. मग माझं तोंड बघून पडला. "अगं, तूच दिलास ना कोयता?"

"ठेवायला दिला होता."

"ठेवायला भांडी देतात, बाय! कोयता कोण ठेवायला देतं?" पलीकडची म्हातारी मध्येच म्हणाली. बाकीच्या हसल्या. मीही हसले असते, दुसऱ्या कुणाचं असतं तर.

घरी मुलगा चिडला. "आई, तुझा अधिकार आहे. काकीला सांग, ऊठ म्हणून." सून म्हणाली, "पण आईंनी दिला असेल तर अधिकार काकींचा, ना?" दोघं माझ्याकडे बघायला लागली, जसं काही मलाच ठाऊक. रात्रभर विचार केला. माझा होता तर तो कुठून आला? सासूच्या हातातून. मग माझ्या हातातून गेला तर तोही खराच. पण सासूनं द्यायचा म्हणून दिला. मी गंजू नये म्हणून दिला. का मलाही थकवा आला होता, आणि हाताला ते माझ्या आधी कळलं? देवाशपथ सांगते, आठवत नाही.

सकाळी परत गेले. मी तोंड उघडायच्या आधीच जाऊ उठून उभी. तिनं कोयता माझ्यापुढे धरला, मूठ माझ्याकडे करून. "घे वैनी. तुझा आहे. तुझ्या मनात नसेल तर मला नको." डोळे भरले होते तिचे. लेक मागं खाली मान घालून कोळंबी सोलत होती.

मी घेतला. मूठ अजून माझ्याच हाताच्या मापाची. पाटावर बसायला वाकले, तर गुडघा अर्ध्यातच थांबला. ना खाली, ना वर. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, "मावशी, सुरमई कापून द्या."

मी सवयीनं अंगठा पात्यावरून फिरवला आणि तोंडातून निघून गेलं, "धार गेलीय." कोयता जावेकडे गेला. "लावून घे."

पलीकडच्या म्हातारीनं मान हलवली. रांगेनं ओळखलं.

जावेनं आता मला ओट्याशेजारी प्लास्टिकचं स्टूल ठेवलंय. मी त्यावर बसते, भाव मीच सांगते, गिऱ्हाइकं मलाच विचारतात, आणि ती कापते. मुलगा विचारतो, "म्हणजे आता अधिकार कुणाचा?" मी म्हणते, मला विचारू नको, जा, काकीला विचार. काकी म्हणते, वैनीला विचार.