वीस गोळ्या आणि मी

मंडळी, आज संध्याकाळी मी स्वतः लालबागला जाऊन पेढे आणले. आमची नात सायली औषधाच्या मात्रेच्या परीक्षेत पास झाली!

तिचं नर्सिंगचं पहिलं वर्ष. या परीक्षेत पास झाल्याशिवाय वॉर्डात पाऊल ठेवू देत नाहीत, आणि पहिल्या खेपेला ती नापास झाली होती. पोरीने धास्तीच घेतली होती.

मी पडलो शाळेतल्या कवितांचा वेडा. गोळ्या मोजायचं तिचं सूत्र चालीत बसवून दिलं: "हवं ते भागिले आहे ते, गोळ्या किती ते येते!" काल गॅलरीत बसून तिने ते झकास म्हटलं आणि सरावाच्या एका गणिताचं उत्तर काढलं, वीस गोळ्या.

म्हटलं, "सायले, पेशंट मी आहे असं समज. वीस गोळ्या देतेस? मग उद्याचा चहा माझ्या फोटोपुढेच ठेव!"

ती खो खो हसली आणि एकदम वही पुन्हा तपासू लागली. ग्रॅमचे मिलिग्रॅम करताना एक शून्य जास्त पडलं होतं. ते खोडून म्हणाली, "दोन, आबा. दोनच."

आज घरात आल्या आल्या पाया पडली. "आबा, प्रत्येक गणितात पेशंट तुम्हीच होतात. उत्तर आलं की मनात विचारायचे, हे आबांना देऊ का?"

"मग? जगलो का?"

"सगळ्या गणितांत!"

माझी चाल फुकट गेली, जाऊ दे. उद्या अनोळखी पेशंटलाही ती असंच जपेल, या विचाराने ऊर भरून आलाय.

तुम्ही कुणाला मनात बसवून परीक्षा दिली होती?