वरच्या दोन ओळी

चार माणसं एका जागी बसलेली दिसली की राव सरांचा हात खिशातल्या पेनाकडे जायचा. बारसं असो, सत्यनारायण असो, की पाण्याच्या टाकीवरून भांडायला जमलेले शेजारी असोत, सर फूलस्केप कागदावर पट्टीने रेघा मारून क्रमांक, नाव आणि सही असे तीन रकाने पाडणार आणि कागद फिरवणार. चेन्नईत वेस्ट मांबलमला त्यांच्या घराच्या माडीवर मी भाड्याने राहायला आले, तेव्हा माझी ट्रंक वर चढवणाऱ्या दोघांचीही त्यांनी हजेरी घेतली होती. मी त्यांचं नाव हजेरीमास्तर ठेवलं. ते कानावर गेलं तेव्हा रागवायचं सोडून स्वारी खूशच झाली.

मयताच्या घरीही हे चालायचं आणि तिथे मला ते भयंकर वाटायचं. एकदा न राहवून बोलले. सर म्हणाले, "रडणाऱ्याच्या डोळ्यांस कोण आला, कोण गेला, दिसतं काय? महिन्यानं कागद पाहील, तेव्हा दिसेल." आलेला माणूस कागदावर असलाच पाहिजे, नाहीतर तो आलाच नव्हता असं म्हणायला लोक मोकळे, असा त्यांचा हिशेब होता.

कागदाच्या वरच्या दोन ओळी मात्र ते कोऱ्या सोडत. चेन्नईच्या उत्तरेला, गुम्मिडिपूंडीच्या पलीकडे एका खेड्यातल्या शाळेत त्यांनी तीस वर्षं गणित शिकवलं. तिथे हजेरीच्या कागदावर मथळा लिहायचा मान हेडमास्तरांचा. सर स्वतः कधी हेडमास्तर झाले नाहीत, आणि निवृत्त झाल्यावरही त्या दोन ओळींना त्यांनी हात लावला नाही. मथळा घालणं आपलं काम नव्हे, म्हणायचे. या सवयीचं पुढे मी काय केलं तेच मला सांगायचं आहे, आणि इतक्या वर्षांत ते मी कोणालाही सांगितलेलं नाही.

सरांचं घराणं तंजावरचं. पिढ्यानपिढ्या तमिळ मुलुखात राहून त्यांची मराठी जुन्या दप्तरातल्या कागदासारखी उरली होती. 'झालं' नव्हे, 'जाहलं'. 'मला' नव्हे, 'मजला'. आणि वाक्याच्या शेवटी तमिळ पद्धतीने मायेचा 'मा'. मी सोलापूरची. माझं बोलणं म्हणजे सुटणाऱ्या बसमागे धावणं, असं ते म्हणायचे. त्यांच्या पत्नीला मी मामी म्हणायचे. रोज संध्याकाळी ऑफिसातून आले की मामी कॉफी द्यायच्या आणि अख्ख्या चेन्नईत तेवढा अर्धा तास मी पोटभर मराठी बोलायचे.

मी तेव्हा एका सल्लागार कंपनीत नुकतीच लागले होते. शहराला आणि कारखान्यांना वीज पुरवणारी उच्च दाबाची लाइन कुठून न्यायची, त्याचा आराखडा आम्ही करत होतो. तो पक्का करण्याआधी गावोगावच्या लोकांचं म्हणणं ऐकायचं, अशी अट होती. एका संध्याकाळी मी मामींच्या टेबलावर नकाशा पसरला आणि सरांना त्यात आपलं खेडं दिसलं. लाइन शाळेमागच्या उंचवट्यावरून जात होती. त्या उंचवट्यावर सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांची वस्ती होती, आणि खाली चहूकडे तलावाकाठची जमीन, पावसाळ्यात गुडघाभर पाण्यात जाणारी. तारांखाली घरं ठेवता येत नाहीत. वस्ती उठली तर तिला पाण्याखेरीज जागा नव्हती.

सरांनी बोट ओलं करून नकाशावरची रेघ हळूच पुसून पाहिली. "पेन्सिल आहे," ते म्हणाले. "पेन्सिल आहे तोवर बोलून घ्यावं, मा. शाई चढली की कोण ऐकतो?"

त्यानंतर सलग पाच रविवार आम्ही मांबलमहून गाडी बदलत तिकडे गेलो. मला तमिळ येत नव्हतं, म्हणून सर दुभाषे. खरं म्हणजे तेच बोलायचे आणि मी मागे उभी असायचे. लोक सभेला यायला तयार नव्हते. सभेला जायचं म्हणजे कशावर तरी सही करायची आणि सही केली की काहीतरी जातं, हे त्यांनी आधी भोगलेलं होतं. सर घरोघर जाऊन एकच सांगत राहिले, की ही नुसती हजेरी आहे. उंचवट्यावरचं पहिलं घर कन्नम्माचं. ती शाळेच्या फाटकाशी इडल्या विकायची. लहानपणी तिची शाळा झाली नव्हती. पोरं मोठी झाल्यावर सरांनी मधल्या सुट्टीत व्हरांड्यात बसवून तिला नाव लिहायला शिकवलं होतं. तिने विचारलं, सही कशाला, मी आलेली सगळ्यांना दिसणारच आहे. सर तिला म्हणाले, तू आलीस हे लिहून ठेवलं तर कोणी तुला वगळू शकणार नाही. परतीच्या गाडीत त्यांनी हे मला मराठीत सांगितलं, आणि ती यायला कबूल झाली म्हणून स्टेशनवर मला सुंडल, म्हणजे फोडणी दिलेले उकडलेले हरभरे, खायला घातलं.

सभेला शाळेचा व्हरांडा भरून गेला. आमचे मॅनेजर आले होते. वस्तीने सरांच्या हाताखाली आलेखाचे कागद जोडून स्वतःचा नकाशा केला होता. पूर्वेला खारवट मोकळी जमीन होती, तिथून दोन ठिकाणी वळण दिलं की लाइन उंचवट्याला शिवतच नव्हती. वळण किती, असं कन्नम्माने विचारलं. मॅनेजरांनी तळहात जरासा वाकवून दाखवला. एवढंच ना, ती म्हणाली, आणि सगळे हसले. मॅनेजरांनी नकाशाची घडी करून फाइलमध्ये ठेवली. मग सरांचा कागद फिरला. कन्नम्माने इतक्या सावकाश नाव लिहिलं की मागची रांग थांबून राहिली, आणि शेवटचं अक्षर रकान्याबाहेर गेलं. सरांनी तो रकाना पट्टीने थोडा वाढवून दिला.

दोन वळणं म्हणजे नवी मोजणी, आणि आमच्या अहवालाची मुदत आठवड्यावर आली होती. मॅनेजरांनी तो कागद माझ्यापुढे ठेवला. वर मथळा राहिलाय, म्हणाले, लिहून टाक. त्यांनी इंग्रजीत सांगितलं: खाली सह्या करणाऱ्या ग्रामस्थांनी प्रस्तावित मार्ग समजून घेतला असून त्यांची हरकत नाही. मी म्हटलं, पण त्यांनी तर दुसरा मार्ग सांगितला ना. ते म्हणाले, तो नकाशाही फाइलला आहे, ही नुसती औपचारिकता. माझी नोकरी कायम व्हायला अजून काही महिने होते. मी लिहिलं. मजकूर दोन ओळींत नेमका बसला. माझं अक्षर चांगलं आहे.

मी सरांना काही सांगितलं नाही. रोज संध्याकाळी कॉफी पीत होते आणि ते विचारायचे, पेन्सिल आहे ना अजून. मी म्हणायचे, आहे. पावसाळा सरल्यावर उंचवट्यावर खुंट्या ठोकल्या गेल्या. माहितीच्या अधिकाराचा कायदा तेव्हा नवा होता. सरांनी पट्टीने समास आखून अर्ज केला आणि फाइलच्या प्रती मागवल्या. वस्तीचा नकाशा त्यात नव्हता. हजेरीचा कागद होता.

त्या संध्याकाळी मामींनी कॉफी ठेवली आणि त्या आत गेल्या. सरांनी कागद टेबलावर ठेवून माझ्याकडे सरकवला. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"मथळा तुझ्या हातचा, नव्हे?"

मी होय म्हणून मान हलवली.

"हा मागाहून घातला, एवढं लिहून दे, मा. एवढंच. बाकीचं मी पाहतों."

मी दोन दिवस मागितले. सर म्हणाले, सरी, म्हणजे बरं. दोन दिवसांचे चार झाले. मी माडीवरून उतरताना पाय न वाजवता उतरायला लागले. आठवड्याने मॅनेजरांनी नोकरी कायम झाल्याचं पत्र दिलं आणि त्याच दिवशी मी ऑफिसजवळ दुसरी खोली पाहिली. सरांनी पुन्हा विचारलं नाही. एकदाही नाही.

ते एकटेच कचेऱ्यांमध्ये जात राहिले. प्रत्येक टेबलावर त्यांना त्यांचाच कागद दाखवत, त्यांनीच आखलेले रकाने, त्यांनीच गोळा केलेल्या सह्या. तिथला सर्वांत सुबक कागद तोच होता. मग एका रविवारी ते वस्तीत गेले आणि दारोदार उभे राहून सांगितलं, की चूक माझी, मी वर जागा सोडली. माझं नाव त्यांनी कोणाजवळ काढलं नाही. हे मला मामींकडून कळलं, खोली सोडून बरेच महिने झाल्यावर त्या रस्त्यात भेटल्या तेव्हा. त्या म्हणाल्या, आता ते कुठे बसले तरी कागद काढत नाहीत, पेनसुद्धा घेत नाहीत. मी रस्त्यावर उभी राहून रडले, पण त्या रडण्याचा कोणाला काय उपयोग होता?

टॉवर उभे राहिले. कन्नम्माचं घर तलावाकाठी गेलं आणि पहिल्याच पावसाळ्यात चुलीपर्यंत पाणी आलं. घरात ओलं सरपण पेटत नाही, म्हणून तिचा इडल्यांचा धंदा बंद पडला. एवढं सगळं त्या दोन ओळींमुळेच झालं असं नाही, असं मी स्वतःला समजावते. पण सरांनी मागितलेलं मी लिहून दिलं नव्हतं.

दोन वर्षांनी सर गेले. मी वेस्ट मांबलमच्या त्या घरी गेले तेव्हा खोली भरली होती आणि मामींना कोणीच दिसत नव्हतं, सर म्हणायचे तसं. मी सरांच्या कपाटातून फूलस्केप काढला, पट्टीने तीन रकाने पाडले. वरच्या दोन ओळी मी सोडल्या नाहीत. तिथे तारीख घातली आणि लिहिलं: राव सरांना भेटायला आलेली माणसं. पहिलं नाव माझं लिहिलं आणि सही केली.

कन्नम्मा वस्तीतल्या सात-आठ जणांना घेऊन आली होती. मामींपाशी बसून तिने खूप वेळ त्यांचा हात धरला. ती उठली तेव्हा मी कागद आणि पेन सगळ्यांआधी तिच्यापुढे केलं. मला एव्हाना कामापुरतं तमिळ येत होतं. मथळा वाचून दाखवला, ही नुसती हजेरी आहे, असंही म्हटलं. तिने पेन हातात घेतलं. कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पेन पुन्हा माझ्या हातात ठेवलं.

"नाव नको, अम्मा," ती म्हणाली. "मी आले हे सरांना माहीत आहे."

तिच्यामागे उभ्या असलेल्यांनीही कागद घेतला नाही. ती माणसं नमस्कार करून बाहेर पडली. मग तो कागद मी आणखी कोणापुढे केला नाही, घरी आणला. त्यावर अजूनही एकच नाव आहे.